संत्र्याची साल, लिंबाचा डाग आणि डीएनए

पत्र : आम्ही प्रतापनगर भागातल्या सहा जणींचा बचत गट आहोत. हंगामात कळमन्याच्या घाऊक बाजारातून संत्री आणतो, रस आणि संत्रा बर्फी करून विकतो. साली वाया जातात म्हणून यंदा त्या वाळवून पावडर केली. फोनवर वाचलं की झाडांमधले फ्लॅव्होनॉइड्स उन्हातल्या अतिनील किरणांपासून डीएनए वाचवतात आणि संत्र्याच्या सालीत ते भरपूर असतात. मग पावडर, खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण एकत्र करून क्रीम केली. वासासाठी लिंबाची साल किसून त्याचा रस पिळला. 'डीएनए सुरक्षा सनक्रीम' अशी पाचशे लेबलं छापायला द्यायची आहेत. पण जिने लिंबं किसली, ती मैत्रीण त्याच दुपारी गच्चीवर साली वाळत घालत होती आणि दोन दिवसांनी तिच्या हातावर ओघळासारखे तपकिरी चट्टे उठले. क्रीम विकावी का? नीट कशी करावी? शिवाय मुलगी उन्हासाठी झाडांच्या अर्काच्या गोळ्या घेते म्हणते, त्या द्याव्यात का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, लेबलं छापायला देऊ नका. आणि लिंबाचा किस घातलेली क्रीम आजच बाजूला काढा. विकू नका, घरातही कोणी लावू नका.

आधी मैत्रिणीच्या हाताचे बघू. ते चट्टे ॲलर्जीचे नाहीत, भाजल्याचे आहेत. आपण ज्याला नुसते लिंबू म्हणतो त्या कागदी लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन गटातली द्रव्ये असतात. सोरालेन हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. हे द्रव्य कातडीत उतरते आणि डीएनएच्या शिडीच्या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते. सावलीत असाल तर पुढे काही होत नाही. पण तेवढ्यात अंगावर ऊन पडले की उन्हातले यूव्हीए किरण (अतिनील किरणांचाच एक प्रकार) त्याला डीएनएच्या पायऱ्यांमधल्या थायमिन नावाच्या घटकाशी पक्के चिकटवून टाकतात, कधी कधी शिडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना शिवून टाकतात. अशी पेशी मरते. म्हणून लगेच काहीच दिसत नाही. साधारण चोवीस तासांनी लाली येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर होतो, फोड येतात, आणि रस जिथून ओघळला अगदी त्याच रेघेत तपकिरी डाग उरतो. ओघळाचा आकार हीच त्याची खूण.

फोड असतील तर फोडू नका. हात साबणाने धुऊन कोरडा ठेवा, बाहेर जाताना बाहीने झाका. डाग काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत आपोआप फिका होतो. औषधाच्या दुकानातून 'डाग घालवणारी' ट्यूब विचारून आणू नका. अशा ट्यूबांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि त्याने कातडी पातळ पडून नवेच दुखणे मागे लागते. फोड मोठे असतील, पू दिसला किंवा ताप आला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा.

आता यातली खरी गोम बघा. ज्या लिंबूवर्गीय कुळात डीएनए झाकणारी द्रव्ये आहेत, त्याच कुळात उन्हाच्या साथीने डीएनए बिघडवणारी द्रव्येही आहेत. 'झाडाचे आहे म्हणजे निर्धोक' हे गृहीतच इथे चालत नाही. बावचीचे बी, अंजिराचा चीक यांतही हीच सोरालेनची जात आहे. कोडावर बावचीचा उपयोग होतो तो याच गुणामुळे, आणि तोही डॉक्टरांनी मोजलेल्या प्रकाशात. तेव्हा कुणी 'रंग उजळायला थोडी बावची घाला' असे सुचवले तर ठाम नाही म्हणा. आपल्या नागपुरी संत्र्यात ही द्रव्ये लिंबाच्या मानाने फारच कमी असतात, त्यामुळे तुमच्या मूळ पावडरीपासून हा धोका नाही. धोका वासासाठी घातलेल्या किसात होता. सुगंधी तेलच हवे असेल तर वाफेवर काढलेले घ्या, दाबून काढलेले नको. फ्युरोकुमारिन वाफेबरोबर वर येत नाहीत, मागेच राहतात. दाबून काढलेल्या कागदी लिंबाच्या तेलाला अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ०.७ टक्के एवढीच मर्यादा सुगंध उद्योगाने स्वतःला घालून घेतली आहे. किसून पिळलेल्या रसात किती उतरले, हे तर घरी कळायला मार्गच नाही.

मग झाडे डीएनए वाचवतात हे खोटे का? अजिबात नाही. ते खरे आहे आणि फार सुंदर आहे. झाडाला सावलीत पळून जाता येत नाही. मे महिन्यात गच्चीवरची तुळस दिवसभर उभी असते. उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनीलच्या दुसऱ्या प्रकारचे किरण डीएनएत शिरले की शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. पेशी डीएनएची नक्कल काढताना त्या गाठीशी अडखळते आणि चूक करते. यावर झाडाने दोन उपाय केले आहेत. पहिला म्हणजे छत्री. पानाच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी क्वर्सेटिन, केम्फेरॉल यांसारख्या फ्लॅव्होनॉइड्सनी आणि त्यांच्या भावंडांनी भरलेल्या असतात, आणि किरण तिथेच शोषले जातात. ही छत्री मागणीप्रमाणे उघडते. यूव्हीआर८ नावाचे प्रथिन यूव्हीबी ओळखते आणि ही द्रव्ये बनवण्याचा हुकूम सोडते. म्हणून प्लॅस्टिकच्या आडोशात वाढलेले रोप एकदम उन्हात ठेवले की करपते. आठ-दहा दिवस थोडे थोडे ऊन दाखवले तर तेच रोप तगते. १९९४ मध्ये अमेरिकेत मक्यावर झालेल्या प्रयोगात रंगद्रव्ये असलेल्या रोपांच्या डीएनएत त्या रंगद्रव्यांवाचूनच्या रोपांपेक्षा कमी गाठी सापडल्या. दुसरा उपाय म्हणजे गाठ सोडवणारा कारागीर, फोटोलायेज नावाचे एन्झाइम. ते निळ्या प्रकाशाची ताकद वापरून गाठ सरळ उघडते. माणसाकडे हे एन्झाइम नाही. आपल्या पेशी तो तुकडाच कापून नवा भरतात, आणि त्यातल्या काही गाठी निस्तरायला एक दिवसाहून जास्त लागतो. फोटोलायेज कसे चालते हे उलगडणारे अझीझ संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत.

झाडाची छत्री चालते ती तीन गोष्टींमुळे. द्रव्य योग्य तरंगलांबीचे आहे, ते सलग थरात आहे, आणि थर भरगच्च आहे. तुमच्या क्रीममध्ये या तिन्ही गोष्टी बिनसतात.

संत्र्याच्या सालीतले मुख्य फ्लॅव्होनॉइड म्हणजे हेस्पेरिडिन. ते सर्वांत जास्त शोषते २८५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. पण वातावरणातल्या ओझोनमुळे २९० च्या खालचे ऊन जमिनीवर जवळपास पोहोचतच नाही. म्हणजे ज्या दारावर हा पहारेकरी जागा आहे, त्या दाराने चोर येतच नाही. पुढच्या, खऱ्या त्रासाच्या ३०० ते ३२० च्या पट्ट्यात त्याचे शोषण उतरलेले असते. सालीच्या केशरी भागातले नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ३३० च्या जवळ बरे शोषतात, पण त्यांचे प्रमाण थोडे. त्यात हेस्पेरिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि खोबरेलातही नाही, त्यामुळे ते वाळलेल्या पेशींच्या भिंतीतच अडकून राहते. पावडरीचे कण कातडीवर ठिपक्यांसारखे पसरतात आणि दोन ठिपक्यांमध्ये ऊन मोकळे आत शिरते. जाळीतून पाणी धरण्यासारखे ते आहे. खोबरेलाचे म्हणाल, तर 'खोबरेल म्हणजे सात एसपीएफ' असे आकडे सांगणारे भेटतील (एसपीएफ म्हणजे उन्हाची लाली यायला किती पट जास्त ऊन लागते तो आकडा). त्या भरवशावर नागपूरच्या उन्हात कोणी निघू नये.

तुम्ही एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुना दिलात, तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर मोजून कदाचित '१५ एसपीएफ' असा कागद हातात मिळेल. तो लेबलावर घालू नका. त्या पद्धतीत नमुना अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून २९० ते ३२० नॅनोमीटरमध्ये मोजतात आणि एका सूत्रात बसवतात. कातडीवर तुमची क्रीम विरघळलेली नसते, पसरलेली असते. खरा एसपीएफ माणसांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लेप देऊन, दिव्याखाली लाली येईपर्यंत मोजतात. ही चाचणी महागडी आहे आणि ती झाल्याशिवाय 'सनक्रीम' म्हणून विकलेली डबी ही विकत घेणाऱ्या बाईची फसवणूक ठरते. ती तुमच्या भरवशावर दुपट्टा घरी ठेवून स्कूटीवर निघेल. झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्ताच्या एका संयुगाची, भुकटी घरी मिसळून पाहावी असा विचार आला असेल तर तोही सोडा. हाताने किंवा मिक्सरमध्ये घोटलेल्या झिंकच्या गुठळ्या होतात. एका बोटाखाली तीस एसपीएफ आणि दुसऱ्या बोटाखाली तीन असा लेप बसतो आणि डोळ्याला काही कळत नाही.

मग सालीचे काय करायचे? संध्याकाळी लावून धुऊन टाकायचा कोरडा लेप करा. हे उत्पादन तुमच्या हातात आहे आणि प्रामाणिकही आहे. कोरडे असल्यामुळे टिकवणारे द्रव्य घालावे लागत नाही, धुऊन जात असल्यामुळे धोका कमी.

साल निवडण्यापासून सुरुवात करा. रसवंतीवाल्याकडून गोळा केलेली साल घेऊ नका. त्यात लिंबू आणि मोसंबी मिसळलेली असते, शिवाय ओली साल ढिगात चार-पाच तासांतच आंबू लागते. स्वतः सोललेली, त्याच दिवसाची साल वापरा. मेणाची चकाकी दिलेली फळे टाळा. सोलण्याआधी अख्खी फळे लिटरमागे १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात १५ मिनिटे ठेवा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. याने वरवरची फवारणी पुष्कळ उतरते. सालीत मुरलेली उतरत नाही, म्हणून फवारणी कधी झाली हे सांगू शकणारा बागवाला गाठता आला तर कळमन्यापेक्षा तो बरा.

पांढरा पापुद्रा खरवडू नका, हेस्पेरिडिन तिथेच जास्त असते. सालीचे बोटभर रुंद काप करून एकाच थरात, वर पातळ सुती कापड टाकून, सावलीत पंख्याखाली वाळवा. उन्हात टाकली की रंग उडतो आणि सालीतल्या तेलाचे, म्हणजे मुख्यतः लिमोनीनचे, हवेशी संयोग होऊन असे पदार्थ बनतात जे पुढे कातडीला खाज आणि चट्टे देतात. अंबिया बहाराची फळे निघतात तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत, तीन-चार दिवस पुरतात. ड्रायर मिळाला तर ५० ते ५५ अंशांवर आठ-दहा तास. त्यावर तापमान नेऊ नका, साल तपकिरी पडते. एक किलो ओल्या सालीची साधारण पाव किलो वाळलेली साल होते. तुमच्या हिशेबात ३५०-४०० ग्रॅम उतरत असेल तर पाणी शिल्लक आहे. वाकवल्यावर काप कटकन मोडला पाहिजे. आणखी एक परीक्षा करा : मूठभर काप काचेच्या बरणीत घट्ट बंद करून चोवीस तास ठेवा. आतून धुके धरले तर पुन्हा वाळवा. बुरशीची तक्रार येते ती जवळजवळ नेहमी इथेच चूक झाल्यामुळे.

दळताना मिक्सर थांबत थांबत चालवा, भांडे गरम झाले की तेल उडते. पावडर वस्त्रगाळ करा. चाळणीने भागवू नका, जाड कण गालावर ओरखडे काढतात. १०० ग्रॅमच्या पाकिटासाठी संत्रासाल २५ ग्रॅम, मुलतानी माती ५० ग्रॅम, तांदळाचे बारीक पीठ २५ ग्रॅम. साल यापेक्षा वाढवू नका. साल जितकी जास्त तितका गुण जास्त, असे इथे होत नाही. सालीच्या तेलाने चेहऱ्याची आग होते. मुलतानी मातीच्या पोत्यातला नमुना शिसे आणि आर्सेनिकसाठी एकदा तपासून घ्या, कारण मातीत काय आले आहे हे बघून कळत नाही. पाकिटे आतून चंदेरी अस्तराची, प्रत्येकावर भरल्याची तारीख. सहा महिन्यांनंतरची पावडर बाजारात ठेवू नका. वास उतरून रंगकामातल्या तेलासारखा झाला असेल तर सहा महिन्यांआधीच फेका.

वापरणाऱ्या बाईला पाकिटावर एवढे सांगा : एक चमचा पावडर पाण्यात किंवा ताज्या दह्यात कालवा, लिंबू पिळू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. चेहऱ्यावर दहा मिनिटे ठेवा, पूर्ण कडक होण्याआधी धुवा. सूर्य मावळल्यावर वापरा. 'लिंबू पिळू नका' हे ठळक छापा. आपल्याकडे कुठल्याही लेपात हात आपोआप लिंबाकडे जातो.

विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बचत गट आहे, घरगुती आहे, म्हणून सूट मिळेल असे धरून चालू नका. स्वतः परवाना काढणे जड वाटत असेल तर ज्यांच्याकडे परवाना आहे अशा कारखान्याकडून तुमच्या सूत्राप्रमाणे बनवून घेता येते. पुढे कधी खरे सनस्क्रीन करायचेच ठरले तर हाच रस्ता धरा : किरण अडवण्याचे काम चाचणी झालेल्या फिल्टरांकडे आणि संत्र्याचा अर्क सोबतीला.

सोबतीला म्हणजे काय, तेही सांगतो, कारण इथे झाडांच्या द्रव्यांना खरोखर जागा आहे. २०१५ मध्ये असे दिसून आले की यूव्हीए अंगावर पडून गेल्यानंतर, अंधारातही, तीन तासांहून जास्त काळ रंगद्रव्याच्या पेशींमध्ये डीएनएच्या नव्या गाठी पडत राहतात. ऊन मेलॅनिनमध्ये जी ऊर्जा कोंडून ठेवते ती नंतर डीएनएवर उतरते. छत्री तिथे कामाची नाही, पण ती ऊर्जा शोषून घेणारे अँटिऑक्सिडंट कामाचे ठरू शकतात. तांदळाच्या कोंड्यात असणारे फेरुलिक ॲसिड हे असेच. १५ टक्के क जीवनसत्त्व, १ टक्का ई जीवनसत्त्व आणि ०.५ टक्का फेरुलिक ॲसिड यांचे मिश्रण लावलेल्या माणसांच्या कातडीत थायमिनच्या गाठी कमी पडल्याचे प्रयोगात मोजले गेले आहे. मात्र ते फार आम्लधर्मी पाण्यातच टिकते आणि उन्हाळ्यातल्या आपल्या खोलीत लवकर खराब होते. तयार बाटली विकत घेतली तर फ्रिजमध्ये ठेवा आणि द्रव गडद तपकिरी झाला की टाकून द्या. घरी करू नका.

मुलीच्या गोळ्यांचे. मध्य अमेरिकेतल्या एका नेच्याचा, पॉलिपोडियम ल्युकोटोमॉसचा, अर्क पोटात घेतल्यावर लाली आणि डीएनएच्या गाठी कमी झाल्याचे २००४ च्या प्रयोगात दिसले, पण त्यात माणसे होती फक्त नऊ. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तीन महिने देऊन झालेल्या मोठ्या, काटेकोर प्रयोगात फायदा दिसला नाही. बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घरात धूम्रपान करणारे असतील तर आणूच नका. अशा लोकांत त्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढवल्याचे १९९० च्या दशकातल्या दोन मोठ्या चाचण्यांत आढळले. त्यापेक्षा टोमॅटो. रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलाबरोबर खाणाऱ्यांना दहा आठवड्यांनी उन्हाची लाली सुमारे ४० टक्के कमी आली. चौथ्या आठवड्यात फरक नव्हता, म्हणजे धीर हवा. आपल्या घरात तेलात परतून आटवलेली टोमॅटोची चटणी तेच काम करू शकते. कच्च्या कोशिंबिरीतले लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतले लाल रंगद्रव्य, अंगी कमी लागते. पण ४० टक्के कमी लाली म्हणजे दोनच्याही आतला एसपीएफ. गोळी घेतली म्हणून मुलीने हातमोजे काढले तर तोटाच.

तुम्ही सहा जणी साली वाळवायला गच्चीवर आणि विकायला सीताबर्डीच्या फुटपाथवर उन्हातच असता. आपल्या सावळ्या कातडीतले मेलॅनिन त्वचेच्या कर्करोगापासून बरेच वाचवते, वांग आणि सुरकुत्यांपासून तेवढे नाही. नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतप्याच्या सुरुवातीला, दुपारी बाराच्या थोडे पुढे सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा उन्हाची भीती सगळ्यांनाच असते. पण चटका आणि अतिनील किरण या वेगळ्या गोष्टी आहेत. कैरीचे पन्हे आणि खिशातला कांदा डीएनएपर्यंत पोहोचत नाहीत, आणि डिसेंबरच्या गार हवेतही भर दुपारी किरण पुरेसे असतात. त्या महिन्यात दुपारची सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी पडते. घड्याळापेक्षा सावलीकडे बघा : सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तर झाका.

झाकायला पातळ पांढरा सुती स्टोल फारसा पुरत नाही. साधा पांढरा सुती टी-शर्टसुद्धा साधारण पाच ते दहा भागांतला एक भाग किरण आत सोडतो, घामाने भिजला की आणखी. कापड उजेडासमोर धरा. बोटे दिसत असतील तर दुहेरी घ्या किंवा गडद, घट्ट विणीचे घ्या. उघड्या चेहऱ्याला आणि मानेला तपासलेले ३० किंवा ५० एसपीएफचे सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा एवढे, घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा मिनिटे आणि नंतर दर दोन तासांनी. निम्मे लावले तर डबीवरच्या आकड्याएवढे संरक्षण मिळत नाही. दुकानावरची ताडपत्री फिकट निळी, विरलेली असेल तर बदला आणि ती पश्चिमेकडे हातभर पुढे काढा. तीन वाजता ऊन तिकडूनच आत येते.